भिंतीवरचा चेहरा आणि कर्जरोख्यावरची निशाणी

(राजूर, ता. अकोले येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



तालुक्यातालुक्यातून फोटो काढण्याची दुकाने निघाली त्या काळातील कौटुंबिक छायाचित्रे अजूनही अनेक घरांच्या भिंतींवर टांगलेली दिसतात. वडील खुर्चीवर बसलेले, आई शेजारी अंग चोरून उभी, मुले उंचीच्या क्रमाने लावलेली आणि पाठीमागे एक रंगवलेला पडदा. त्या पडद्यावर पुष्कळदा एक भव्य दगडी खांब असतो, खांबावरून ओघळणारे जड रेशमी वस्त्र असते, बाजूला संगमरवरी पायऱ्या असतात. ज्या कुटुंबाचे छायाचित्र काढले जाई त्याच्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वर शेणामातीचा लेप. संगमरवर त्या घराने कधी पाहिलेला नसे. मग हा खांब आणि हे रेशमी वस्त्र छायाचित्रात आले कोठून?

ते आले सतराव्या शतकातील युरोपातून. त्या काळातील युरोपीय कलेच्या एका शैलीला ‘बरोक’ असे नाव आहे. वेड्यावाकड्या मोत्यासाठी पोर्तुगीज भाषेत जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. भव्यता, प्रकाश आणि अंधार यांचा नाट्यमय विरोध आणि वैभवाचे निःसंकोच प्रदर्शन ही या शैलीची लक्षणे. धर्मपीठाने आणि राजांनी तिचा उपयोग करून घेतलाच, परंतु सावकार आणि व्यापारी घराण्यांनीही तिला घरी बोलावले. कुटुंबाचे भले मोठे चित्र काढवून दिवाणखान्यात लावण्याची प्रथा या वर्गात दृढ झाली. ही प्रथा म्हणजे केवळ हौस होती असे समजणे चूक ठरेल. तिच्यामागे एक अर्थव्यवहार होता, आणि तो समजून घेतला म्हणजे आपल्या अवतीभवतीच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

एक उदाहरण घेऊ. इटलीच्या किनाऱ्यावरील जेनोआ हे त्या काळी युरोपातील सावकारीचे मोठे केंद्र होते. अँटवर्पचा चित्रकार अँथनी व्हॅन डाइक हा १६२१ ते १६२७ या काळात बराचसा तेथे होता आणि तेथील धनाढ्य घराण्यांची चित्रे त्याने रंगविली. त्यांपैकी लोमेलिनी घराण्याचे एक विशाल चित्र आज एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यात एका बाजूला चिलखत घातलेला तरुण मुलगा आहे, दुसऱ्या बाजूला भरजरी पोशाखातील गृहिणी आणि लहान मुले आहेत. चिलखत सांगते की घराण्याच्या अंगी शौर्य आहे. लहान मुले सांगतात की वारसाची चिंता नाही. गृहिणीचा पोशाख सांगतो की तिजोरी भरलेली आहे. प्रत्येक वस्तू काहीतरी बजावून सांगते आहे.

हे कोणाला सांगायचे होते? मराठीत ‘पत’ हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. बाजारात कर्ज मिळण्याची योग्यता म्हणजे पत, आणि समाजात मान असणे म्हणजेही पत. जेनोआचे सावकार स्पेनच्या राजाला कर्जे देत. असा धंदा नाण्यांच्या बळावर जेवढा चालतो तेवढाच विश्वासावर चालतो. घराणे जुने आहे, वारस सज्ज आहेत, बुडण्याची भीती नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मनावर ठसविणे हा व्यवसायाचाच भाग होता. कुटुंबाचे चित्र म्हणजे रंगांत मांडलेला ताळेबंद होता. फरक इतकाच की ताळेबंदात जमेबरोबर देणेही दाखवावे लागते. चित्रात फक्त जमेची बाजू होती.

देण्याची बाजू कोठे होती? ती होती अटलांटिकच्या पलीकडे. स्पेनचा राजा ही कर्जे फेडी ती अमेरिकेतील चांदीवर. आजच्या बोलिव्हिया देशातील पोतोसी येथील डोंगरातून ती चांदी निघे आणि तेथील मूळ रहिवाशांना पाळीपाळीने वेठीला धरून खाणीत उतरविले जाई. या वेठीला ‘मिता’ असे नाव होते. जेनोआच्या दिवाणखान्यातील रेशमावर जो प्रकाश पडला आहे त्याच्या मागे पोतोसीच्या खाणीतील अंधार आहे. चित्रकाराने तो रंगविला नाही. त्याला तसे कोणी सांगितलेही नव्हते. १६२७ मध्ये स्पेनच्या राजाने देणी थांबविली तेव्हा जेनोआच्या अनेक सावकारांना जबर फटका बसला. चित्रातील ऐश्वर्य मात्र तसेच राहिले. चित्राचा हाच मोठा उपयोग असतो.

हॉलंडमधील एक चित्र याहून बोलके आहे. हार्लेम येथील फ्रान्स हाल्स या थोर चित्रकाराने १६४५ ते १६४८ च्या सुमारास एका कुटुंबाचे चित्र काढले. ते आता माद्रिदमध्ये आहे. नवरा-बायको एकमेकांचा हात धरून बसली आहेत, मुलगा आणि मुलगी जवळ आहेत. आणि त्यांच्यामध्ये, थोडा मागे, एक कृष्णवर्णीय मुलगा उभा आहे. त्या काळात डच जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे विकत घेऊन अमेरिकेत नेत होती. त्या मुलाला चित्रात जागा आहे, कुटुंबात नाही. तो तेथे आहे तो कुत्रा किंवा गालिचा जसा असतो तसा. मालकाची ऐपत दाखविण्यासाठी. आणि चित्रकाराची स्थिती काय होती? शेकडो श्रीमंतांचे चेहरे अमर करणाऱ्या हाल्सवर म्हातारपणी नगराच्या मदतीवर जगण्याची पाळी आली. १६६२ मध्ये नगराने त्याला मदत दिली, पुढे वार्षिक तनखा बांधून दिला, आणि १६६६ मध्ये तो वारला. ज्याच्या हातात कौशल्य होते त्याच्या हातात भांडवल नव्हते.

युरोपातील ही पद्धत महाराष्ट्रात आली ती इंग्रजांच्या मागोमाग. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस उतरला आणि पुढील वर्षी पुण्यास गेला. तेथे चार्ल्स मॅलेट हा कंपनीचा रेसिडेंट होता. वेल्सने सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचे एकत्र तैलचित्र काढले. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. महादजी शिंदे यांचेही चित्र त्याने रंगविले. पेशव्यांचे वय तेव्हा अठरा. अंगावर मोती आणि जवाहीर, शेजारी राज्याचा कारभारी, मागे सेवक. जेनोआतील चित्राचीच ही मांडणी आहे, फक्त पोशाख बदलले. चित्र पाहणाऱ्याला वाटावे की हे राज्य शतकानुशतके टिकणार. प्रत्यक्षात महादजी १७९४ मध्ये गेले, १७९५ मध्ये पेशवे आणि त्यांचा चित्रकार दोघेही गेले, १८०० मध्ये नाना गेले आणि १८१८ मध्ये राज्यच गेले. मागे उभ्या असलेल्या सेवकांचे पुढे काय झाले हे इतिहासाने विचारलेले नाही. शनिवारवाड्यात वेल्सच्या हाताखाली तयार झालेल्या गंगाराम तांबट या गुणी चित्रकाराचे नाव तेवढे उरले, तेही अभ्यासकांपुरते.

या राजूरच्या परिसराकडे त्याच काळात पाहिले तर काय दिसते? येथील महादेव कोळी समाजाकडे डोंगरी किल्ल्यांच्या राखणीचे जुने हक्क होते. १८१८ नंतर इंग्रजी अंमलात ते आखडले गेले, आणि रोख पैशातील साऱ्याबरोबर सावकाराचा पाय गावात पक्का रुतला. अकोले तालुक्यातीलच देवगावचे राघोजी भांगरे यांनी १८४० नंतरच्या दशकात जे बंड उभारले ते या दुहेरी जाचाविरुद्ध होते. इंग्रजी गॅझेटियरात त्या बंडाची एक विशेष गोष्ट नोंदलेली आहे. बंडवाल्यांनी सावकारांची नाके कापली आणि खेड्यातील सावकार भीतीने शहरांकडे पळाले. ही क्रूरता होती, तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु तिचा अर्थ समजून घेतला पाहिजे. मराठीत नाक म्हणजे अब्रू, अब्रू म्हणजे पत, आणि पत हेच सावकाराचे भांडवल. युरोपातील सावकार ज्या चेहऱ्याला रंगवून घेऊन आपली पत वाढवीत होता, त्याच चेहऱ्यावर येथील कर्जबाजारी माणसाने घाव घातला. शिक्षणाने वंचित असलेल्या त्या माणसाला चेहरा आणि मालमत्ता यांचे नाते पक्के कळलेले होते.

राघोजी पंढरपूर येथे पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांचा चेहरा रंगवून घेण्यास कोणी चित्रकार आला नाही. आज त्यांच्या नावाने ज्या तसबिरी लावल्या जातात त्या नंतरच्या कलावंतांनी कल्पनेने काढलेल्या आहेत. सरकारदरबारी त्यांची नोंद राहिली ती बंडखोर म्हणून.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १८५७ मध्ये, मुंबईत कलेचे विद्यालय सुरू झाले. त्यासाठी सर जमशेटजी जिजीभाई यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली होती. त्यांच्या दानशूरतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. चिनी चिटणिसासह असलेले त्यांचे एक व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे, आणि त्यात धनाच्या उगमाचा एक धागा अभावितपणे दिसून जातो. कारण त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनशी चाललेल्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातून आला होता. माळव्यात अफू पिकविणारा शेतकरी आणि चीनमध्ये ती ओढणारा मजूर या चित्रात येणे शक्यच नव्हते. याच विद्यालयातून युरोपीय पद्धतीने व्यक्तिचित्र रंगविणाऱ्या चित्रकारांच्या पिढ्या बाहेर पडल्या. कलेचे ऋण मान्य करताना त्या ऋणाखालचे दुसरे ऋण विसरू नये, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

१८७५ चा मे महिना या दृष्टीने फार शिकविणारा आहे. त्या महिन्याच्या १२ तारखेला पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. ते लोण अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातही पसरले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावच्या शेतकरी घरातील गोपाळ नावाचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. १८८१ मध्ये त्यांना राज्याचे अधिकार मिळाले त्या सुमारास राजा रविवर्मा यांना बडोद्यास पाचारण झाले आणि महाराजांची, महाराणींची पूर्णाकृती चित्रे तयार झाली. जडजवाहीर, मखमल, मागे खांब आणि पडदा. शेतकऱ्याच्या मुलाला राजा करण्याचे काम दत्तकविधानाने कायद्यात केले आणि चित्राने लोकांच्या डोळ्यांत केले. सयाजीराव थोर राज्यकर्ते निघाले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण त्यांनी १९०६ मध्ये राज्यभर लागू केले आणि डॉ. आंबेडकरांच्या परदेशातील शिक्षणाला शिष्यवृत्ती दिली. परंतु त्यांच्याच वयाची, त्यांच्याच थरातील जी हजारो मुले त्या मे महिन्यात गावातच राहिली, त्यांचे चित्र कोठे आहे?

ते चित्र कर्जरोख्यावर आहे. निरक्षर शेतकरी रोख्यावर सहीऐवजी नांगराची आकृती काढीत असे, आणि तिच्याशेजारी कारकून ‘निशाणी नांगर’ असे लिही. पुढे डाव्या हाताचा अंगठा आला. ज्या समाजात श्रीमंताचे व्यक्तिचित्र तैलरंगात निघत होते, त्या समाजात गरिबाचे एकमेव व्यक्तिचित्र म्हणजे ही निशाणी. एक भिंतीवर टांगून पत वाढवीत होते, दुसरे सावकाराच्या पेटीत पडून जमीन गिळीत होते. शेतकऱ्यांनी सुप्यात जे जाळले ते एका अर्थी स्वतःचेच चित्र होते, दुसऱ्याने काढलेले.

गरिबांचा चेहरा टिपला गेला नाही असे मात्र नाही. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने भारतातील लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांत ४६८ छायाचित्रे आहेत. तेथे बहुतांशी माणसाच्या खाली त्याचे नाव नाही. जातीचे, जमातीचे नाव आहे. राजाचे चित्र म्हणजे एक व्यक्ती, आदिवासीचे चित्र म्हणजे एक नमुना. एकाला वंशावळ मिळाली, दुसऱ्याला वर्गवारी मिळाली.

या विषमतेत एक नवे वळण १८९४ मध्ये आले. रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला आणि रंगीत चित्रे स्वस्तात घरोघर गेली. झोपडीच्या भिंतीवरही चित्र आले. ते लक्ष्मीचे आणि सरस्वतीचे. श्रीमंताच्या भिंतीवर त्याचे पूर्वज होते, गरिबाच्या भिंतीवर देव आले. गरिबाचे पूर्वज भिंतीवर येण्यास छायाचित्राची दुकाने निघावी लागली, आणि तेथेही त्यांना उभे राहावे लागले ते जेनोआच्या खांबापुढे. घरात खांब नव्हता म्हणून तो चार घटका भाड्याने घ्यावा लागला. याला कोणी हसू नये. आपलीही काही पत आहे, आपल्यालाही वारस आहेत, हे सांगण्याची ती धडपड होती. दुःख एवढेच की ते सांगण्यासाठी धनिकांचीच भाषा हाताशी होती.

आता वर्तमानाकडे वळू. गावाच्या चौकात, रस्त्याच्या वळणावर जे फलक लागतात त्यांची रचना कार्यकर्त्यांनी एकदा शांतपणे न्याहाळावी. मध्यभागी नेता, माणसापेक्षा मोठा. त्याच्या खांद्याशी चिरंजीव, त्याहून थोडे लहान. वरच्या कोपऱ्यात दिवंगत वडील, वारशाची ग्वाही देण्यासाठी. आणि तळाशी, नखाएवढ्या वर्तुळांत, ओळीने मांडलेले ‘शुभेच्छुक’. ही बरोक चित्राचीच मांडणी आहे: पूर्वज, कर्ता, वारस आणि सेवक. अनेकदा तर फलकाची वर्गणी त्या नखाएवढ्या चेहऱ्यांकडूनच गोळा होते. व्हॅन डाइकचा खर्च निदान सावकार स्वतः करीत होता.

येथे लोमेलिनी घराण्याच्या त्या चित्रातील एक गोष्ट आठवण्याजोगी आहे. चित्रात कुटुंबप्रमुख नाही. अभ्यासकांचे मत असे की तो त्या वेळी जेनोआच्या प्रजासत्ताकाचा प्रमुख होता, आणि अधिकारावर असलेल्या प्रमुखाचे चित्र काढण्यास तेथील कायद्याची बंदी होती. जेनोआचे प्रजासत्ताक काही लोकांचे नव्हते, मूठभर धनिकांचे होते. तरीही सत्ता आणि चेहरा एकत्र आले की संस्था घराण्याच्या मालकीची होते, हे त्या धनिकांनाही कळले होते. सहकारी संस्था, पंचायत, पक्ष या लोकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या संस्थांना हे कळू नये काय? सभासदांच्या पैशाने बांधलेल्या सभागृहात एकाच घरातील तीन पिढ्यांच्या तसबिरी लागतात तेव्हा मालकी हक्काचे हस्तांतर झालेले असते. कागद नंतर होतो.

या सर्वांच्या विरुद्ध बाजूला ठेवावा असा एक कागद आहे, आणि तो या तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या परिचयाचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार मिळणारा जमिनीचा हक्क विवाहित दांपत्य असेल तर पती आणि पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवावा लागतो. तो वारसाने जातो, परंतु विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. याचा अर्थ काय होतो तो पाहा. जेनोआच्या चित्रातील गृहिणी घराण्याचे दागिने अंगावर मिरविते. येथे कारवीच्या कुडाच्या घरातील स्त्री स्वतः हक्कदार आहे. तेथे जमीन आणि चांदी पत मिळविण्यासाठी दाखविली जाते. येथे जमीन सावकाराच्या पेटीत जाऊच शकत नाही. राघोजींच्या काळात जी निशाणी जमीन घालविण्यासाठी उमटत होती, ती येथे जमीन राखण्यासाठी उमटते. कुटुंबाचे याहून चांगले चित्र कोणत्या चित्रकाराने काढले आहे?

या कायद्याच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे. दाव्याच्या पुराव्यात बांध, झोपडी, जमिनीची केलेली सपाटी यांची गणना होते, आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून चालते. म्हणजे ज्यांचा चेहरा कधी रंगविला गेला नाही, ज्यांचे नाव कोणत्याही चित्राखाली नाही, त्यांचे शब्द आणि त्यांचे श्रम कायद्याने ग्राह्य धरले आहेत. परंतु वडीलधारी माणसे फार काळ थांबत नाहीत. कोणती पट्टी कोणी फोडली, कोणता बांध कोणत्या वर्षी कोणी घातला, हे त्यांच्या तोंडून लिहून घेण्याचे काम आज झाले नाही तर उद्या होणार नाही. कार्यकर्त्याने वाडीवर जाताना भाषण कमी आणि वही अधिक न्यावी.

चित्रकलेविषयी मनात कटुता ठेवण्याचे कारण नाही. व्हॅन डाइकने रंगविलेली लेस आणि हाल्सने पकडलेले हसू ही मानवी कौशल्याची मोठी फळे आहेत, आणि ती सर्वांची आहेत. मात्र कोणतेही चित्र, मग ते संग्रहालयातील असो की चौकातील, पाहताना तीन प्रश्न विचारावेत. याचे पैसे कोणाच्या श्रमातून आले? यात कोण बसला आहे आणि कोण उभा आहे? आणि ज्याच्यावाचून हे वैभव शक्यच नव्हते असा कोण यात मुळीच नाही?

हे प्रश्न प्रथम स्वतःलाच विचारले पाहिजेत. समाजवादी चळवळीच्या नियतकालिकांतही मोर्चांची आणि शिबिरांची छायाचित्रे येतात. त्यांच्याखाली दोन-तीन नावे छापलेली असतात आणि मग दोनच शब्द असतात: ‘व इतर’. पेशव्यांच्या मागे उभ्या असलेल्या सेवकांचेही नाव तेच होते. ज्यांनी भाकरी बांधून आणल्या, सतरंज्या टाकल्या, रात्रभर चालत येऊन पहिल्या रांगेत बसण्याऐवजी शेवटच्या रांगेत उभे राहणे पत्करले, ते सारे या दोन शब्दांत मावतात. पुढच्या वेळी जागा अपुरी पडली तर नेत्याचे छायाचित्र थोडे लहान करावे, आणि ‘व इतर’ हे दोन शब्द काढून तेथे नावे छापावीत.